कमलाबाईंना नातवाची ओळख नको

विक्रम गोखले २६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेले. त्यांच्यावर जे लिहून आलं त्यात घराण्याचा एक परिच्छेद हमखास होता. पणजी दुर्गाबाई कामत या भारतीय चित्रपटातल्या पहिल्या अभिनेत्री, आजी कमलाबाई गोखले या पहिल्या स्त्री बालकलाकार, वडील चंद्रकांत गोखले नामवंत नट, आणि गोखले घराण्याचा हा वारसा चौथ्या पिढीने समर्थपणे पुढे चालवला, असा साधारण मजकूर. मृत्युलेखात घरादाराचा उल्लेख यायचाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढची. या दोन बायकांबद्दल आपण एरवी जे लिहितो आणि बोलतो, तेही बहुतेक वेळा या परिच्छेदाच्या पलीकडे जात नाही. त्यांचा जन्म जणू विक्रम गोखल्यांच्या ओळखीला वजन यावं म्हणून झाला होता. एकीला ‘पहिली’ म्हणायचं, दुसरीला ‘बालकलाकार’ म्हणायचं, आणि मग मूळ विषयाकडे, म्हणजे मुलाकडे आणि नातवाकडे वळायचं.

तो परिच्छेद मला मान्य नाही. त्यातलं जवळपास प्रत्येक विधान अर्धवट आहे, आणि ते अर्धवट राहण्यामागे कारण आहे.

सुरुवात ‘गोखले घराण्याच्या चार पिढ्या’ या शब्दप्रयोगापासून करू. चार पिढ्या मोजायच्या तर पहिली पिढी दुर्गाबाईंची. पण दुर्गाबाई गोखले कधीच नव्हत्या. त्या कामत होत्या. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या तेव्हा विसावं शतक नुकतंच उजाडलं होतं आणि त्यांच्या पदरात जेमतेम चालता-बोलता येणारी मुलगी होती. ब्राह्मण घरातल्या, एकट्या पडलेल्या बाईला त्या काळात दोनच वाटा दिसत होत्या. माहेरी किंवा कुणा नातेवाइकाकडे आश्रित म्हणून राहायचं, नाहीतर परक्यांच्या घरी स्वयंपाकपाणी करायचं. दुर्गाबाईंनी तिसरी वाट धरली आणि त्या फिरत्या नाटक कंपनीत शिरल्या. बाईने नाटकात काम करणं म्हणजे घराण्याला बट्टा, हे मत तेव्हा इतकं पक्कं होतं की कंपन्यांतल्या नायिकासुद्धा मुलगेच असत. समाजाने त्यांना दूर लोटलं. त्यांनी मुलीला बरोबर घेतलं, आणि मुलगी चार-पाच वर्षांची असतानाच रंगभूमीवर उभी राहिली.

म्हणजे या घराण्यात अभिनय आला तो आईकडून मुलीकडे. तो आणणारी बाई आडनावाने कामत होती आणि नवऱ्याचं घर सोडून आलेली होती. आपल्याला वंशावळ पुरुषांच्या आडनावावरून मोजायची सवय आहे, म्हणून पणतूचं आडनाव उचलून आपण पणजीवर चिकटवलं आणि चार पिढ्यांचा हिशेब जुळवला. त्यात दुर्गाबाईंनी आयुष्यात घेतलेला सगळ्यात मोठा निर्णय पुसला गेला. ‘गोखले घराण्याची पणजी’ म्हटलं की डोळ्यांसमोर भरल्या घरातली, नऊवारी नेसलेली, सगळ्यांनी पाया पडावं अशी म्हातारी येते. ज्या बाईला त्या काळच्या भरल्या घरांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, तिला आपण मेल्यानंतर घरात घेतलं आणि वर त्याला सन्मान म्हणतो.

इथे कुणी म्हणेल की गोखल्यांचंही नाटकाशी नातं होतंच. होतं, आणि ते सांगितलंच पाहिजे. कमलाबाईंचे पती रघुनाथराव गोखले किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करत. आवाज फुटल्यावर ते तिथून बाहेर पडले आणि भावाच्या चित्ताकर्षक नाटक मंडळीत आले. दुर्गाबाई आणि कमलाबाई याच कंपनीत होत्या. रघुनाथराव नायक आणि कमलाबाई नायिका अशी जोडी जमली, पुढे लग्न झालं. हा तपशील माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट बळ देतो. काल-परवापर्यंत लुगडं नेसून नायिका होणारा पुरुष आता नायक झाला आणि नायिकेच्या जागी खरीखुरी मुलगी आली. मराठी रंगभूमीवर पुढची पंधरा-वीस वर्षं ज्या बदलावर वाद होत राहिले, तो बदल या एका कंपनीत, एका जोडप्याच्या संसारात आधीच घडून गेला होता. ‘विक्रम गोखल्यांची आजी’ या ओळखीत यातलं काय उरतं?

आता ‘बालकलाकार’. हा शब्द मला ‘आजी’पेक्षाही जास्त खटकतो.

दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत केला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांपुढे आला. त्यातल्या तारामतीसाठी बाई मिळवायला फाळक्यांनी आकाशपाताळ एक केलं. जाहिराती दिल्या, वेश्यावस्तीतही चौकशी केली, पण तिथूनही नकार आला. शेवटी ग्रँट रोडच्या खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्यानंतर फाळके नाशिकला गेले आणि पुढचा चित्रपट हाती घेतला, ‘मोहिनी भस्मासुर’. त्यात दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि बारा-तेरा वर्षांच्या कमलाबाई मोहिनी.

कथा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल, असा वर भस्मासुराला मिळतो आणि तो वर देणाऱ्या शंकराच्याच मागे लागतो. मग विष्णू मोहिनीचं रूप घेतो. मोहिनी नाचते, भस्मासुर तिची नक्कल करत नाचतो, आणि नाचता नाचता ती स्वतःच्या मस्तकावर हात ठेवते. तोही ठेवतो. संपूर्ण कथा या एका नाचावर उभी आहे. मोहिनी फसली तर चित्रपट फसला. शंकर, पार्वती, भस्मासुर हे सगळे तिच्या हालचालींच्या आधाराने चालणार, आणि चित्रपटाच्या नावात पहिलं नाव तिचं. हे काम मूकपटात करायचं म्हणजे आणखी अवघड. संगीत नाटकातल्या नटीची निम्मी ताकद गळ्यात असते. पद चढलं की प्रेक्षक ‘वन्समोअर’ देतो आणि त्या दादेवर पुढचा प्रवेश तरतो. इथे ना गळा, ना ऑर्गन, ना समोर प्रेक्षक. हाताने फिरवायचा कॅमेरा आणि त्यापुढे फक्त डोळे, हात आणि पाय.

अशा भूमिकेला आपण ‘बालकलाकार’ म्हणतो. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिताश्व झालेला भालचंद्र फाळके बालकलाकार होता, तो चित्रपटात लहान मुलाचंच काम करत होता. कमलाबाईंनी लहान मुलीचं काम केलेलं नाही. देवादिकांना भुरळ घालणाऱ्या स्त्रीचं काम केलं, तेही शीर्षकभूमिकेत. वय कमी होतं हे खरं. पण लहानपणी स्त्रीभूमिका केलेल्या नटाला आपण बालकलाकार म्हणत नाही. कोवळ्या वयात नायिका झालेले कितीतरी मुलगे मराठी नाट्येतिहासात नायिका म्हणूनच नोंदले गेले आहेत, त्यांच्या पदांच्या आणि पदराच्या आठवणी पानंच्या पानं लिहिल्या गेल्या आहेत. कमलाबाईंच्या वाट्याला मात्र वय आलं आणि भूमिका गेली.

त्याच वर्षी, जुलै १९१३ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीची स्थापना झाली. बालगंधर्वांचं रूप, त्यांचं चालणं, त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा पाहून घराघरांतल्या बायका तसं नेसायला-सजायला लागल्या, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावंच. बालगंधर्वांचं मोठेपण कुणी कमी करू शकणार नाही. पण त्याच साली नाशिकला एक आई आणि तिची मुलगी बाईचं काम बाई म्हणूनच कॅमेऱ्यापुढे करत होत्या, आणि मराठी माणसाच्या सांस्कृतिक आठवणीत १९१३ हे साल त्यांचं नाही. ते गंधर्व मंडळीचं आहे, फाळक्यांचं आहे, फार तर साळुंक्यांचं आहे.

फाळक्यांवरून आणखी एक गोष्ट. दुर्गाबाई-कमलाबाईंचा विषय निघाला की ‘फाळक्यांनी स्त्रियांना चित्रपटाचं दार उघडून दिलं’ असं वाक्य येतं. फाळक्यांबद्दल मनात आदर ठेवूनच सांगतो, हे वाक्य उलटं आहे. फाळके बायकांच्या शोधात होते आणि त्यांना कुणी मिळत नव्हतं. मिळाल्या त्या अशा दोघी, ज्या आधीच नाटकावर पोट भरत होत्या, समाजाची बोलणी आधीच खाऊन बसल्या होत्या आणि चेहऱ्याला रंग लावून उभं राहणं हा ज्यांचा रोजचा व्यवसाय होता. फाळक्यांची अडचण त्यांनी सोडवली. बरं, दार खरंच उघडलं होतं का? १९१७ साली फाळक्यांनी ‘लंका दहन’ काढला. त्यात राम झाले अण्णा साळुंके, आणि सीताही अण्णा साळुंकेच. ‘मोहिनी भस्मासुर’नंतर चार वर्षांनी सीतेसाठी पुन्हा पुरुष! फाळक्यांची मुलगी मंदाकिनी पुढे ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली, पण ती घरातली लेक होती. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’त १९२० साली गुलाबबाई आणि अनसूयाबाई आल्या, त्यांनाही लोकनिंदा सोसावी लागली. १९२० च्या दशकात पडद्यावर ज्या नायिका गाजल्या त्यांत पेशन्स कूपर, रूबी मायर्स म्हणजे सुलोचना, रेनी स्मिथ म्हणजे सीतादेवी अशा अँग्लो-इंडियन आणि यहुदी मुली आघाडीवर होत्या. कारण ज्या समाजातून दुर्गाबाई आल्या होत्या, तो तेव्हाही आपल्या लेकींना सोडायला तयार नव्हता. दार उघडलं असतं तर हे घडलं नसतं. दोघी बंद दारातून शिरल्या होत्या आणि त्यांच्यामागे ते पुन्हा लागलं.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या गोष्टीकडे येतो.

चित्रपटातल्या स्त्रियांचा मराठी इतिहास सांगताना आपण एक टप्पा मोठ्या कौतुकाने सांगतो. दुर्गा खोटे चित्रपटात आल्या आणि घरंदाज स्त्रियांसाठी हा व्यवसाय खुला झाला. १९३१ चा ‘फरेबी जाल’, मग १९३२ चा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आणि त्यातली त्यांची तारामती. रंगभूमीच्या बाबतीत असाच टप्पा म्हणजे १ जुलै १९३३, नाट्यमन्वंतर या संस्थेचं नाटक ‘आंधळ्यांची शाळा’. ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी त्यात स्त्रीभूमिका केल्या आणि सुशिक्षित घरांतल्या स्त्रिया रंगमंचावर आल्या. दोन्ही घटना खऱ्या, दोन्ही महत्त्वाच्या. दुर्गाबाई खोट्यांनी संसाराची घडी विस्कटल्यावर पैशाच्या गरजेने काम सुरू केलं आणि ते अतिशय स्वाभिमानाने केलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण हे दोन टप्पे आपण ‘सुरुवात’ म्हणून मांडतो तेव्हा काय करतो ते पाहा. १९३१ च्या अठरा वर्षं आधी ब्राह्मण घरातली एक बाई चित्रपटात आली होती, आणि १९३३ च्या कितीतरी आधी तिची मुलगी चित्ताकर्षक नाटक मंडळीत पुरुष नटाच्या जोडीने नायिका म्हणून गावोगाव उभी राहत होती. या दोघी सुरुवातीत का धरल्या जात नाहीत? जातीवरून नाही, कारण जात तीच होती. दुर्गाबाई कामतांनी नवरा सोडला होता, त्या कंपनीच्या बिऱ्हाडाबरोबर फिरत होत्या आणि काम हीच त्यांची उपजीविका होती. दुर्गा खोट्यांच्या पाठीशी लाड हे माहेर आणि खोटे हे सासर होतं, नाट्यमन्वंतरच्या मागे सुशिक्षित लेखक-कलावंतांचं वर्तुळ होतं. पुढे आलेल्या बाईमागे कोणाचं घर उभं आहे हे पाहून आपण ‘सुरुवात’ ठरवली. ज्यांच्यामागे कोणतंच घर नव्हतं त्यांना ‘पहिली’ असं बिरुद दिलं आणि इतिहासातून मात्र वगळलं. प्रश्नमंजूषेत त्यांचं नाव येतं, नाट्येतिहासाच्या मांडणीत येत नाही.

मग साठ-सत्तर वर्षांनी मुलगा नावारूपाला येतो, नातू त्याहून मोठा होतो, आणि त्या दोघींच्या मागे अखेर एक घर उभं राहतं. प्रतिष्ठित, नावाजलेलं, गोखल्यांचं. तेव्हा कुठे त्यांचा उल्लेख करणं आपल्याला सोयीचं वाटतं. म्हणून ‘विक्रम गोखल्यांची आजी’ ही ओळख मला निरुपद्रवी वाटत नाही. १९१३ साली ज्या निकषावर या बायका नाकारल्या गेल्या, त्याच निकषावर आज आपण त्यांना स्वीकारतो आहोत. बाईची किंमत तिच्या मागच्या पुरुषावरून, हा निकष शंभर वर्षांत तसूभरही हललेला नाही. फक्त पूर्वी पुरुष नव्हता, आता आहे.

या घराचं ऋण कोणाचं कोणावर आहे, हेही सरळ सांगून टाकायला हवं. रघुनाथराव तरुणपणीच गेले. कमलाबाईंना ऐन पंचविशीत वैधव्य आलं, घरात लहान मुलं. थोरल्या चंद्रकांतचा जन्म १९२१ चा, म्हणजे वडील गेले तेव्हा तो शाळकरी वयाचाही नव्हता. विधवा बाईने चेहऱ्याला रंग लावून, दागिने घालून, शृंगारपदं म्हणत रंगमंचावर उभं राहायचं म्हणजे त्या काळी काय होतं, हे आज कल्पनेनेही कळणं अवघड आहे. ज्या समाजात विधवेने कुंकू लावणं हा वादाचा विषय होता, तिथे कमलाबाई रोज रात्री कपाळी कुंकू रेखून उभ्या राहत होत्या, कारण सकाळी चूल पेटायची होती. त्या वेगवेगळ्या कंपन्यांतून काम करत राहिल्या. मूकपट आणि पुढे बोलपट मिळून पस्तीसेक चित्रपट त्यांनी केले. थेट १९८० पर्यंत, अरुणा राजे आणि विकास देसाई यांच्या ‘गहराई’पर्यंत, त्या कॅमेऱ्यापुढे येत राहिल्या. फाळक्यांच्या हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यापासून रंगीत पडद्यापर्यंत काम केलेली अशी माणसं आपल्या चित्रपटसृष्टीत किती निघतील?

या कमाईवर तीन मुलं वाढली. चंद्रकांत नट झाले. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे गेले. लालजी गोखल्यांनी अहमदजान थिरकवांकडून विद्या घेतली. अभिनय आणि लय हे दोन्ही एकाच घरात आलं ते काही योगायोगाने नाही, ते आईच्या कंपनीतल्या आयुष्यातून आलं. चंद्रकांत गोखल्यांच्या शब्दोच्चाराचं आणि विक्रम गोखल्यांच्या रंगमंचावरच्या थांबण्याचं कौतुक करणाऱ्या माणसाने त्यांची ओळख ‘कमलाबाईंचा मुलगा’ आणि ‘कमलाबाईंचा नातू’ अशी करून दिली, तर ते वस्तुस्थितीला जास्त धरून होईल.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात, आणि ते गांभीर्याने घ्यावेत असे आहेत.

पहिला असा, की लिहायचं तर कशाच्या आधाराने? ‘मोहिनी भस्मासुर’ आज पाहायला मिळत नाही, नाटकं हवेत विरून गेली, मग ‘पहिली’ यापलीकडे सांगणार काय? हा आक्षेप मी मान्य केला असता, जर आपण तो सगळ्यांना सारखा लावत असतो. गणपतराव जोश्यांचा हॅम्लेट, म्हणजे ‘विकारविलसित’मधलं त्यांचं काम, आज हयात असलेल्या एकाही माणसाने पाहिलेलं नाही. ते गेले १९२२ साली. त्यांच्या अभिनयाचं चित्रीकरण नाही. तरीही मराठी नटांची कोणतीही यादी त्यांच्या नावाशिवाय पुरी होत नाही, त्यांच्या हॅम्लेटच्या उभं राहण्याची, स्वगतं म्हणण्याची वर्णनं पिढ्यान् पिढ्या एकमेकांना सांगितली गेली आहेत. कारण तेव्हाच्या लिहित्या माणसांना गणपतराव लिहिण्याजोगे वाटले. कमलाबाई वाटल्या नाहीत. पुरावा नाही म्हणून त्या राहिल्या नाहीत, त्यांच्याबद्दल कुणी लिहून ठेवलं नाही म्हणून पुरावा राहिला नाही. आणि जे थोडंफार लिहिलं गेलं तेही कसं, तर अनेक ठिकाणी आई-मुलीच्या तारखा एकमेकींच्या नावावर चढलेल्या आहेत. दोन वेगळी आयुष्यं वेगळी नोंदवण्याइतकी मेहनतही आपण घेतलेली नाही.

शिवाय पुरावा अजिबातच नाही, हेही खरं नाही. नव्वदीच्या घरात असलेल्या कमलाबाईंवर रीना मोहन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला. तो त्यांचा पहिला चित्रपट, आणि त्याला पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात कमलाबाई स्वतः बोलतात. कंपनीतले दिवस, माणसं, नाटकं, जुने प्रवेश, सगळं त्यांच्या तोंडून येतं. एक थकलेली, कान-डोळे दगा देऊ लागलेली बाई जुन्या नाटकातलं काही म्हणायला लागते आणि स्वर उचलताच ती बाई नटी होऊन बसते. मुलाचा किंवा नातवाचा आधार न घेता ती पडद्यावर उभी आहे, तिला बघायला आपल्याला फक्त तास-पाऊण तास काढायचा आहे. महाराष्ट्राबाहेर चित्रपट शिकणाऱ्यांत या माहितीपटाचं नाव निघतं. मराठी वाचकांपैकी किती जणांनी तो पाहिला आहे, आणि आपल्या वाहिन्यांनी तो किती वेळा दाखवला आहे?

दुसरा आक्षेप जास्त प्रेमाने केला जातो. नातवाच्या नावाने का होईना, आठवण तर राहते. नातेवाईक मोठे नसते तर या बायकांची नावंही उरली नसती. यात तथ्य आहे. गुलाबबाई आणि अनसूयाबाईंच्या मागे असा नातू नव्हता, आणि त्यांची नावं आज अभ्यासकांपलीकडे कुणाला ठाऊक नाहीत. फातमा बेगम यांनी १९२६ साली स्वतःची चित्रपटसंस्था काढली, ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. आज त्यांची आठवण निघते ती बऱ्याचदा ‘आलम आरा’तल्या झुबेदाची आई म्हणून. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत आणि साठ-सत्तर माणसांच्या जेवणापर्यंत सगळं निभावलं; त्यांना ‘फाळक्यांच्या पत्नी’ याहून वेगळं बिरुद नाही. नात्याने नाव टिकतं हे खरंच आहे.

पण नाव टिकणं आणि काम टिकणं यांत फरक आहे, आणि माझं भांडण कामासाठी आहे. नात्याच्या आधाराने जी आठवण राहते ती त्या नात्याला जेवढी लागते तेवढीच राहते. नातवाच्या चरित्राला एक गौरवाचं वाक्य हवं असतं, म्हणून आजीचं एक वाक्य उरतं. त्या वाक्यात चित्ताकर्षक मंडळी मावत नाही, वैधव्यातली नाटकं मावत नाहीत, मोहिनीचा नाच मावत नाही, दुर्गाबाईंनी ओलांडलेला उंबरा तर नाहीच नाही. आणि विक्रम गोखले आता नाहीत. आणखी वीस वर्षांनी त्यांची नाटकं पाहिलेली पिढीही सरेल. मग ज्या आधारावर कमलाबाईंची आठवण टांगून ठेवली आहे, तो आधारही क्षीण होत जाईल. तेव्हा त्यांना कोण सांगणार?

हे काम आता करायचं आहे आणि ते करता येण्याजोगं आहे. पुणे, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, मुंबई, गोवा इथल्या कितीतरी घरांत नाटक कंपन्यांत वावरलेल्या पणज्या-पणजोबांच्या ट्रंका अजून आहेत. त्यांत चित्ताकर्षक किंवा दुसऱ्या कुठल्या मंडळीची हस्तपत्रकं, जाहिरातींची कात्रणं, मुक्कामाचे हिशेब, पात्रांची यादी लिहिलेल्या वह्या, पाठीमागे नावं लिहिलेले फोटो निघू शकतात. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नका. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, मुंबईत मराठी नाटकाचे संग्रह आणि ग्रंथालयं आहेत. तिथे निदान दाखवून या. एका हस्तपत्रकावर ‘कमलाबाई’ हे नाव आणि त्यापुढे भूमिकेचं नाव सापडलं, तरी त्या रात्री त्या काय करत होत्या हे आपल्याला कळेल.

संपादकांना आणि नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमांना माझी विनंती आहे. मराठी रंगभूमीवर स्त्रिया कधी आल्या हे सांगताना १९३३ च्या आधीची पानं उघडा, आणि तिथे चित्ताकर्षक नाटक मंडळीच्या नायिकेला जागा द्या. चित्रपटांचा इतिहास सांगताना ‘मोहिनी भस्मासुर’ची मोहिनी कमलाबाई होत्या, एवढं वाक्य पूर्ण लिहा आणि त्यापुढे ‘बालकलाकार’ लिहू नका. दुर्गाबाईंना कामत राहू द्या. यापैकी कुणावर लेख लिहायला घेतलात, तर निदान पहिल्या दोन परिच्छेदांत त्यांच्या मुलाचं, नातवाचं, पणतूचं नाव येऊ देऊ नका.